आधी डोह, मग ओलीत

नदीचं पाणी वाटायला फेब्रुवारीत बसलं की भांडण ठरलेलं. तेव्हा हरभऱ्याचे घाटे भरत असतात, गहू ओंबीवर असतो, प्रत्येकाच्या वावरात पीक उभं असतं आणि "तुम्ही थांबा" असं कुणालाच म्हणता येत नाही. हीच बैठक ऑक्टोबरात, रब्बीच्या पेरणीआधी घेतली तर प्रश्न फक्त काय पेरायचं एवढाच असतो. त्यामुळे हिशेब करायचा तो पेरणीच्या आधी, आणि तोही उलटा: मे महिन्यात डोहात किती पाणी हवं ते आधी ठरवायचं आणि उरलेलं ओलिताला, म्हणजे पिकांना द्यायला, वाटायचं.

वर्धा, यवतमाळ, अमरावती या पट्ट्यात बेसाल्टवरून वाहणाऱ्या, कोल्हापुरी बंधारा (खांबांच्या खाचांत लोखंडी पाट्या बसवून पाणी अडवायचा बंधारा) असलेल्या लहान नद्या डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. धाम, यशोदा, बोर यांसारख्या नद्या किंवा त्यांना मिळणारे मोठे नाले. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणीच खारं असतं, तिथे पिण्यासाठीचा राखीव वाटा कितीतरी मोठा धरावा लागतो. वैनगंगेकडच्या धानपट्ट्यात तलाव, बोड्या (लहान तळी) आणि धानाची गरज यांमुळे गणित वेगळं होतं. मोजण्याची रीत मात्र सगळीकडे हीच.

पात्रात पाणी किती, हे कोरड्या पात्रात मोजायचं

सगळ्यात सोपी वेळ म्हणजे मे महिना. बंधाऱ्यापासून वर दर २०० मीटरवर नदीचा आडवा छेद घ्यायचा. १५ मीटर पारदर्शक नळी पाण्याने भरून दोन टोकांना दोन माणसं उभी केली की बंधाऱ्याच्या माथ्याची पातळी काठावर आणता येते. तिथून दोरी ताणायची आणि दर ३ मीटरवर दोरीपासून तळापर्यंतची खोली मोजायची. खोल्यांची सरासरी गुणिले रुंदी म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ. शेजारच्या दोन छेदांची सरासरी गुणिले २०० म्हणजे त्या तुकड्यातलं पाणी, घनमीटरमध्ये. असे सगळे तुकडे जोडले की बंधारा काठोकाठ भरल्यावर किती पाणी असतं ते कळतं. पाणी असताना मोजायची वेळ आली तर बांबूच्या बुडाला जुनी थाळी बांधावी, नाहीतर बांबू गाळात रुततो आणि खोली २०-३० सेंटीमीटर जास्त दिसते. गाळ दरवर्षी बदलतो, म्हणून दोन वर्षांनी हे मोजमाप पुन्हा करावं लागतं.

मग बंधाऱ्याच्या एका खांबावर ऑइलपेंटने सेंटीमीटरची पट्टी रंगवायची, शून्य बंधाऱ्याच्या उंबऱ्यावर. दर सोमवारी सकाळी, मोटारींची थ्री फेज वीज यायच्या आधी, पट्टी वाचून वहीत लिहायची.

पट्टी वाचताना एक मोठी फसगत होते. पाणी २५० वरून १५० वर आलं की सगळ्यांना वाटतं, चाळीस टक्के गेलं, साठ टक्के आहे. पण नदीचा तळ वर चढत जातो, त्यामुळे पाणी उतरलं की त्याची लांबीही कमी होते. खोली निम्मी झाली की पाणी साधारण चौथाई उरतं. पट्टी १५० वर आली तेव्हा डोह सोडून बाकीच्या पाण्यातलं जवळपास दोन-तृतीयांश संपलेलं असतं. फेब्रुवारीत "अचानक" पाणी आटतं ते यामुळे. म्हणून पट्टीशेजारीच प्रत्येक २५ सेंटीमीटरला किती घनमीटर पाणी उरतं, तो तक्ता रंगवून ठेवावा.

येणारं पाणी आणि एक संत्रा

दिवाळीच्या आसपास नदीला अजून धार असते. ती मोजायला यंत्र लागत नाही. दहा मीटरचा सरळ, एकसारखा तुकडा निवडायचा, दोन्ही टोकांना काठ्या रोवायच्या आणि वरच्या काठीच्या दोन मीटर अलीकडून एक न सोललेला संत्रा पाण्यात सोडायचा. आंबिया बहाराचा माल तेव्हा निघालेलाच असतो. संत्रा बहुतेक पाण्याखाली राहून वाहतो, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही. सोललेला चालत नाही, तो बुडतो. पाच वेळा सोडून सरासरी घ्यायची. समजा ५० सेकंद लागले, तर वेग सेकंदाला ०.२ मीटर. पृष्ठभागाचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात धावतं म्हणून त्याला ०.८५ ने गुणायचं: ०.१७. धार १ मीटर रुंद आणि सरासरी १२ सेंटीमीटर खोल असेल तर ०.१२ गुणिले ०.१७, म्हणजे सेकंदाला साधारण २० लिटर.

ही धार डिसेंबरअखेर बंद पडते असं धरलं तर दोन महिन्यांची सरासरी सेकंदाला १० लिटर आणि एकूण सुमारे ५२ हजार घनमीटर. त्यातलं निम्मंच हिशेबात धरावं. वरच्या अंगाच्या गावातही मोटारी आहेत, आणि त्या धारेवर त्यांचाही हक्क आहे.

गळती

बंधाऱ्याच्या पाट्यांमधून झिरपणारं पाणी कुणी मोजत नाही, कारण ते थेंबाथेंबाने जाताना दिसतं. बंधाऱ्याच्या खाली, जिथे सगळी गळती एका धारेत येते, तिथे पत्र्याला ९० अंशांची व्ही आकाराची खाच कापून तो पत्रा मातीत पक्का, सरळ उभा बसवायचा. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची, पत्र्याच्या थोडं मागे, मीटरमध्ये मोजायची. उंचीचा अडीचावा घात गुणिले १.३८, म्हणजे सेकंदाला घनमीटर. एवढं गणित नको असेल तर हे आकडे पत्र्यावरच लिहून ठेवावेत: ५ सेंटीमीटरला पाऊण लिटर, १० ला ४.४ लिटर, १५ ला १२ लिटर, २० ला जवळपास २५ लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटीहून जास्त होतं, हे लक्षात असू द्यावं.

दहा सेंटीमीटरची धार बघायला किरकोळ वाटते. पण सेकंदाला ४.४ लिटर म्हणजे दिवसाला ३८० घनमीटर, चार महिन्यांत ४५ हजार. आपण पुढे ज्या बंधाऱ्याचं उदाहरण घेणार आहोत त्यात काठोकाठ ६० हजार घनमीटर पाणी मावतं. म्हणजे पाऊण बंधारा कुणाच्याही वावरात न जाता खाली गेला.

गळतीची कारणं बहुतेक तीनच असतात. पाटीच्या कडेचं रबर कडक होऊन तडकलेलं असतं. खांबाच्या खाचेत गाळ आणि खडे अडकल्याने पाटी पूर्ण खाली बसत नाही. किंवा उंबऱ्यावरचं काँक्रीट उडालेलं असतं आणि सगळ्यात खालच्या पाटीखालून पाणी पळतं. ही तिसरी गळती सगळ्यात वाईट, कारण पाण्याचा दाब तळाशीच जास्त असतो. पाट्या बसवायच्या आधी खाचा लोखंडी सळईने खरवडून पाण्याने धुवाव्यात, उंबरा सिमेंटने सरळ करून घ्यावा, प्रत्येक पाटी सपाट जागी ठेवून वाकली आहे का ते बघावं आणि रबर दाबून परीक्षा करावी. बोटाने दबत नसेल तर ते बदलायचं. दुहेरी खाचेचा बंधारा असेल तर दोन रांगांमध्ये चिकण काळी माती थोडी ओलसर करून, थराथराने ठोकून भरावी. कोरडी ढेकळं टाकली तर त्यांच्या फटींतून पाणी वाट काढतं. एवढं केल्यावर धार ५ सेंटीमीटरवर आली तर चार महिन्यांत ८ हजार घनमीटर जातं. वाचलेलं ३७ हजार घनमीटर पाणी कुठल्याही नव्या कामाशिवाय मिळालेलं असतं.

ऊन किती पितं

विदर्भात पाणीवाटपाची खरी मेख इथे आहे. हिवाळ्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला ४ मिलिमीटर जातं असं धरून चाला. मार्चनंतर ते वाढत जातं आणि मे महिन्यात ८ ते १० मिलिमीटरवर पोचतं. एक हेक्टर पाण्यावरून १० मिलिमीटर म्हणजे दिवसाला एक लाख लिटर.

आता १ मार्च ते १५ जून हे साधारण १०५ दिवस घ्या. हात राखून सरासरी ९ मिलिमीटर धरले तर जवळपास ९५ सेंटीमीटर पाणी नुसतं उन्हाने जातं. याचा सरळ अर्थ असा की मार्चात एक मीटरपेक्षा उथळ असलेलं पाणी "उन्हाळ्यासाठी राखून" ठेवता येतच नाही. मोटारी बंद ठेवा, पहारा बसवा, ते जाणारच. उथळ पसरलेलं पाणी वेळेत हरभऱ्याला देऊन टाकणं हाच त्याचा योग्य उपयोग. आणि खोल डोहातलं पाणी मात्र अजिबात उपसायचं नाही, कारण त्याचा पसारा कमी आणि खोली जास्त. राखीव पाणी लिटरमध्ये ठरवून भागत नाही, ते खोलीत ठरवावं लागतं.

उदाहरणातल्या नदीत बंधाऱ्याच्या वर एक जुना डोह आहे असं धरू, पाण्याचा पसारा ०.७ हेक्टर आणि १ मार्चला सरासरी खोली २ मीटर. म्हणजे १४ हजार घनमीटर. त्यातून उन्हाने ९५ सेंटीमीटर जाईल. गावातली ५०० ढोरं, प्रत्येकी दिवसाला ५० लिटर, म्हणजे १०५ दिवसांत २,६०० घनमीटर, खोलीत ३७ सेंटीमीटर. पावसाच्या तोंडावर डोहात सरासरी ६८ सेंटीमीटर पाणी उरेल, मधल्या खोल भागात त्याहून जास्त. एवढ्यात मासोळी तगते आणि काठच्या विहिरींची पातळी धरून राहते. मासेमारीवर जगणारी भोई आणि ढिवर कुटुंबं याच पाण्याच्या आशेवर असतात. त्यांच्याकडे सातबारा नाही म्हणून वाटपाच्या बैठकीत त्यांना बोलावलं जात नाही, ही गोष्ट मला मनापासून खटकते. डोहाबद्दल त्यांच्याइतकी माहिती दुसऱ्या कुणालाच नसते. कुठे झरा आहे, कुठे कपार आहे, कोणत्या महिन्यात पाणी किती उतरतं, हे त्यांना विचारूनच डोहाची लाल रेघ, म्हणजे जिच्याखाली उपसा करायचा नाही ती पातळी, मारावी.

खोलीकरणाच्या नावाखाली डोहाचा तळ जेसीबीने सरसकट उकरू नये. गाळ काढणं ठीक आहे. पण गाळाखालचा मुरूम फोडून फुटक्या खडकापर्यंत गेलं की तिथून पाणी खाली निघून जाऊ शकतं, आणि जो डोह पिढ्यान्‌पिढ्या मे महिन्यात ओला होता तो मार्चातच कोरडा पडतो.

ताळेबंद

आता १ नोव्हेंबरचा हिशेब मांडू. बंधाऱ्यात ६० हजार, येणारी धार २६ हजार, एकूण ८६ हजार घनमीटर. चार महिन्यांचं बाष्पीभवन, सरासरी ५ हेक्टर पसारा आणि ४८ सेंटीमीटर, म्हणजे २४ हजार. गळती ८ हजार. डोह १४ हजार. ओलिताला उरले ४० हजार. गावाची नळयोजना नदीकाठच्या विहिरीवर असेल तर माणशी ५५ लिटरप्रमाणे तेही आधी वजा करायचं.

४० हजार घनमीटरमध्ये काय पिकतं? हरभऱ्याला तुषार संचाने ५ सेंटीमीटरची दोन ओलितं, एक फांद्या फुटताना आणि एक घाटे भरताना, दिली तर ४० हेक्टर, म्हणजे शंभर एकर भिजतात. गव्हाला साऱ्यांतून, मोकळं, साडेसात सेंटीमीटरची पाच पाणी दिली तर जेमतेम २६ एकर. गहू हवाच असेल तर तुषारने तीन पाण्यांवर आणावा: २०-२२ दिवसांनी मुकुटमुळं फुटताना, ४०-४२ दिवसांनी आणि ६०-६५ दिवसांनी. मग तो ६६ एकरांपर्यंत जातो. दोनच पाणी असतील तर पहिलं आणि तिसरं द्यावं, एकच असेल तर ४०-४२ दिवसांचं. कोणत्या पिकाला हो म्हणायचं हे गावाने ठरवावं, पण हे आकडे समोर ठेवून ठरवावं.

काळ्या भारी जमिनीत हरभऱ्याला जास्त पाणी म्हणजे नुकसानच. पीक माजतं, मग उभळतं. तरीही जास्त पाणी का जातं, तर स्टार्टरला लावलेल्या ऑटो स्विचमुळे. रात्री बाराला वीज आली की मोटार आपोआप सुरू होते, नोझल बदलायला वावरात कुणी नसतं, आणि जिथे चार तासांची गरज तिथे आठ तास पाणी पडतं. बारा बाय बारा मीटरवर, सेकंदाला अर्धा लिटरचं नोझल तासाला साडेबारा मिलिमीटर पाणी देतं. पाच सेंटीमीटरला चार तास पुरे. नदीवरच्या मोटारींचे ऑटो स्विच काढणं हा मी पहिला नियम करीन.

तास नव्हे, पाणी वाटायचं

वाटप तासांत केलं की साडेसात एचपीवाला खूश आणि तीन एचपीवाला नाराज. म्हणून प्रत्येक मोटारीची धार २०० लिटरच्या ड्रमने मोजायची. ड्रम १८ सेकंदांत भरला तर सेकंदाला ११ लिटर, तासाला ४० घनमीटर. त्या हिशेबाने ४० हजार म्हणजे अशा मोटारीचे एक हजार तास, आणि एकराच्या एका ओलिताला पाच तास. ज्याची मोटार दुप्पट ओढते त्याला तास निम्मे. नदीची पातळी उतरली की उचल वाढते आणि धार घटते, म्हणून जानेवारीत ड्रम पुन्हा लावायचा.

काठापासून पन्नास-साठ मीटरवरच्या विहिरी वाटपातून सुटतात. पण त्यांतलं पाणी बहुतेक वेळा नदीचंच असतं. नळीने विहिरीची आणि नदीची पातळी जुळवून बघावी. दोन्ही सारख्या असतील आणि सोबतच उतरत असतील तर ती विहीरसुद्धा नदीवरचीच मोटार समजायची.

चोरी धरायला पट्टीच पुरते. फिडर (मोटारींना वीज देणारी लाइन) पूर्ण बंद असेल त्या दिवशी पातळी किती उतरली ते लिहून ठेवा. ते ऊन आणि झिरपण. मोटारी चालू असताना त्याहून जेवढी जास्त उतरली, ते तक्त्यातून घनमीटरमध्ये काढा आणि वहीतल्या तासांशी ताडून बघा. दहा-पंधरा टक्क्यांचा फरक मोजमापाचा. तीस टक्क्यांचा फरक असेल तर कुठेतरी एक मोटार वहीत नाही.

वाटा कुणाला किती, यावर महाराष्ट्रात जुने आणि नवे दोन्ही नमुने आहेत. खानदेश आणि नाशिक भागात पांझरा, मोसम नद्यांवरच्या फड पद्धतीत शेतं मोठ्या फडांत विभागलेली असत आणि पाणी कमी असलं की त्या वर्षी काहीच फड भिजवले जात. त्यामुळे तुटीचा भार सगळे मिळून उचलत. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीने जमिनीऐवजी माणसं मोजली: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही हक्क आणि उसाला बंदी. २००५ च्या सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्याने पाणी वापर संस्थेला पाणी मोजून घेण्याचा आणि त्या कोट्यात आपलं पीक निवडण्याचा अधिकार दिला, पण तिथे वाटा लाभक्षेत्रातल्या जमिनीवर ठरतो. आपल्या नद्यांवर मला मधला मार्ग पटतो: प्रत्येक कुटुंबाला पहिल्या दोन एकरांचं पाणी सारखं, आणि त्यावर उरेल ते जमिनीच्या प्रमाणात.

अमेरिकन अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच विषयावरच्या, म्हणजे सामायिक साधनं लोक मिळून कशी सांभाळतात यावरच्या कामाला. स्पेन, फिलिपाईन्स, नेपाळ इथल्या शेतकऱ्यांनी चालवलेल्या सिंचन व्यवस्था त्यांनी अभ्यासल्या. ज्या टिकल्या त्यांत काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. पाणी वापरणारा कोण, हे स्पष्ट होतं. राखण करणारा माणूस पाणी वापरणाऱ्यांपैकी किंवा त्यांना जबाबदार असलेला होता. पहिल्या चुकीला दंड हलका, मग वाढत जाणारा. आणि तंटा सोडवायची जागा जवळ आणि स्वस्त. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात पाण्याचं न्यायासन दर गुरुवारी दुपारी कॅथेड्रलच्या दारात बसतं. आपल्याकडे त्यासाठी आठवडी बाजाराचा दिवस आहेच. तासांची वही त्या दिवशी सगळ्यांसमोर उघडावी, पहिल्यांदा चुकलेल्याचं नाव फळ्यावर, दुसऱ्यांदा चुकला तर पुढच्या पाळीतले तेवढेच तास कमी.

राखणदार कुणाला जबाबदार आहे यावर किती अवलंबून असतं, ते भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत दिसतं. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे गावाचा महसूल गोळा करणाऱ्या मालगुजारांची मालकी, गेली, तलाव सरकारजमा झाले. पाळीची डागडुजी आणि पाण्याची राखण हे गावाचं काम होतं, ते कुणाचंच उरलं नाही आणि कितीतरी तलाव गाळाने भरत गेले.

वरचं गाव, खालचं गाव

एकाच नदीवर बंधाऱ्यांची माळ असते. वरच्या गावाने एका दिवसात सगळ्या पाट्या टाकल्या तर खालच्या बंधाऱ्याला पाणी पोचेपर्यंत धार आटते. पाट्या कधी टाकायच्या, यातही दोन्हीकडून धोका आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात टाकल्या आणि परतीच्या पावसाचा लोंढा आला तर पाणी बंधाऱ्याला वळसा घालून काठ कापतं, आणि पुढच्या वर्षी बंधारा नदीच्या मधोमध नुसता उभा असतो. उशीर केला तर अडवायला पाणीच नसतं. म्हणून खालच्या गावापासून सुरुवात करावी. त्यांनी तळाच्या पाट्या टाकल्या, बंधारा निम्मा भरला की मग वरच्याने टाकाव्यात, आणि सगळ्यात वरची रांग पाऊस परतल्याची खात्री झाल्यावर, सगळीकडे एकदमच बसवावी. तोवर वरच्या बंधाऱ्याची एक तळाची पाटी उघडी ठेवायची. हे ठरवायला दोन्ही गावांचे चार-चार कास्तकार एका पांदणीवर भेटले तरी पुरतं, पण ठरलं ते दोन्ही ग्रामपंचायतींच्या वहीत लिहून सह्या घ्याव्यात. नदीतून उपसा करायला परवानगी लागते, तीही याच वेळी सगळ्यांची मिळून मागावी.

फेब्रुवारीअखेर पाणी डोहाच्या लाल रेघेवर आलं की ओलिताच्या मोटारी बंद करायच्या आणि फूटव्हॉल्व्ह (मोटारीच्या पाइपाचं पाण्यातलं तोंड) पाण्याबाहेर काढून काठावर ठेवायचे. नुसत्या शब्दावर सोडलं तर मार्चात कुणाच्या तरी संत्र्याच्या बागेसाठी "एकच रात्र" म्हणून मोटार सुरू होते. मृग लागायच्या आधी सगळ्या पाट्या काढायच्या. विसरल्या तर पहिल्याच पुरात झाडं-झुडपं अडकून खांबावर ताण येतो. प्रत्येक पाटीवर रंगाने क्रमांक टाकावा, खाचेच्या क्रमांकाशी जुळणारा, कारण पाट्या अदलाबदल झाल्या की रबर नीट बसत नाही. मोजून, क्रमाने, जमिनीपासून उचलून विटांवर आडव्या रचाव्यात, रबर उन्हात राहणार नाही अशा जागी. लोखंड चोरीला जातं, म्हणून कुलपाची खोली हवी. आणि कोणत्या क्रमांकाचं रबर गेलंय, ते जूनमध्येच वहीत लिहावं, म्हणजे सप्टेंबरात मागणी करता येते.